गुंडाची फौज

प्रिय भरतेश यास,

नाथाजीचा जय जिनेंद्र आणि वर एक राम राम. तुझ्या गुडघ्याचं आता कसं आहे ते कळव. गुणमालावहिनींना नमस्कार सांग. त्यांनी पाठवलेली लोणच्याची बरणी रिकामी झाली असून ती परत द्यायला मी स्वतः येणार आहे, हेही सांग (पुन्हा भरून मिळेल म्हणून नव्हे). आम्ही इकडं कडेगावात ठीक आहोत. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तू दुकानात फोन स्पीकरवर ठेवतोस आणि माझं खासगी बोलणं हळद घ्यायला आलेली गिऱ्हाइकं ऐकतात. हे चारचौघांत ऐकण्यासारखं नाही. एकट्यानं वाच.

दहावीच्या ग्रुपवर सगळे सापडले, आपला गुंडा तेवढा सापडत नव्हता. मामाकडं राहून तो आपल्याबरोबर शिकला आणि माझ्याबरोबर भरतीला आला, हे तुला आठवत असेल. छाती फुगवता फुगवता त्याचे डोळे बाहेर आले, तरी मापात बसेना. साहेबांनी त्याला बाजूला काढलं आणि मला घेतलं. तिथून तो जो जतकडं आपल्या गावी मेंढरांमागं गेला, तो तिकडचाच झाला. मी सुट्टीवर आलो की मात्र मामाकडं हजर व्हायचा आणि फौजेतलं सगळं खोदून खोदून विचारायचा. पुढं मामा वारला आणि येणं थांबलं. तेव्हा आपल्या वर्गाच्या मेळाव्याला त्याला आणायचंच असं ठरवून गेल्या आठवड्यात मी विट्यात एसटी बदलून जतला गेलो आणि तिथून वडापच्या जीपमध्ये बसलो. (मागं एक बोकड होतं. त्याला माझ्यापेक्षा ऐसपैस जागा होती.)

ड्रायव्हरला म्हटलं, गुंडाकडं जायचंय. तो म्हणाला, "फौजी गुंडातात्या व्हय?" मी म्हटलं, फौजी नव्हे, मेंढरंवाला. "तेच की. फौजेतनं आल्यापासनं मेंढरं राखत्यात." मला वाटलं, गावात दोन गुंडा असतील.

एकच होता. फाट्यावर भाऊसोचं हॉटेल आहे (पत्र्याची शेड आहे, पण पाटीवर हॉटेल लिहिलंय). तिथं पाण्याच्या टँकरची वाट बघत माणसं बसली होती आणि मधोमध आपला गुंडा मिशीला पीळ देत गोष्ट सांगत होता. माझ्या डोक्यावरचे केस गेल्यामुळं त्यानं मला ओळखलं नाही. मी कडेला उभा राहून चहा घेतला आणि ऐकू लागलो. गोष्ट माझी होती.

तुला ठाऊक आहे, फौजेत मी बंदूक कमी आणि खच्चर जास्त सांभाळली. बर्फातल्या चौकीवर रेशन पोचवायचं, हे आमचं काम. एकदा लाडी नावाची खच्चर अरुंद वाटेवर बसली ती उठेना. मी तिला माझ्या वाटणीचा गूळ चारला, रेशन उशिरा पोचलं, आणि सुभेदारसाहेबांनी पाठीवर वाळूचं पोतं देऊन मला मैदानाभोवती पळवलं. गोष्ट एवढीच. गुंडाच्या तोंडी मात्र लाडी बसली, साहेब मागून ओरडतायत, गुंडा लगाम ओढतोय, आणि तेवढ्यात पुढचा अख्खा कडा बर्फासकट खाली आला. लाडी बसली नसती तर सगळी पलटण गाडली गेली असती. साहेबांनी खच्चरीला सॅल्यूट ठोकला. भरतेश, पुढं काहीही कोसळलं नव्हतं, मी तिथं होतो. तरी लाडी वाचते की नाही म्हणून माझा चहा हातातच थंड झाला, आणि वाचली तेव्हा मी डोळे पुसले.

मग त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. भाऊसोनं विचारलं, "पावणं कुठलं म्हणायचं?" सगळे माझ्याकडं बघू लागले.

राग आला होता. माझी खच्चर, माझा गूळ, माझी शिक्षा (शिक्षा त्यानं गाळली होती). पण घरी मी 'जम्मूला असताना' एवढं म्हटलं की तुझी राजेश्वरीवहिनी गॅस बंद केलाय का बघायला उठते, आणि चिरंजीव वीरधवल कानात ती मोबाइलची बोंडं घालतो. माझी नोकरी इतकी वर्षं कुणी जपली असेल तर ह्या माणसानं, आणि तीही चांगली घासूनपुसून. मी ताठ झालो, सॅल्यूट केला आणि म्हटलं, "आमी एकाच कंपनीत होतो. हे मला सीनियर."

गुंडानं बाकड्यावर सरकून जागा केली. मग म्हणाला, "बस रं नाथा." 

मग आम्ही दोघं त्याच्या घराकडं चालू लागलो. बरंच अंतर गेल्यावर गुंडा म्हणाला, "लाडीचं पुढं काय झालं रं? तू कवा सांगितलंच न्हाईस." मी म्हटलं, म्हातारी झाली, सुखानं रिटायर झाली. "बरं झालं गड्या," तो म्हणाला, "तिचा शेवट कसा करावा मला सुचत नव्हतं."

गुंडाच्या बायकोनं, सुलाबाईंनी, भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. गुंडा मेंढरांना पाणी दाखवायला गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, आलाय तर दोन-चार नव्या गोष्टी देऊन जावा. तेच तेच ऐकून मला लय कंटाळा आलाय." त्या दुपारी मी होत्या नव्हत्या तेवढ्या आठवणी गुंडाच्या हवाली केल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मध्येच थांबवलं नाही. तो मेळाव्याला येतोय.

जिनेशला आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
नाथाजी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज भाऊसोचा फोन आला (नंबर गुंडानं दिला असणार). म्हणाला, "आवं, रागावू नका. तात्या कवा फौजेत नव्हतं हे सगळ्या गावाला ठावं हाय. सांगत्यात ब्येस म्हणून ऐकतो आमी. पण तुमी शिकलेलं दिसता, तुमी कशाला खोटं बोलायचं?" मी म्हटलं, मी खरोखरच फौजी आहे. तो "बरं, बरं" म्हणाला, पण अशा आवाजात म्हणाला की मी स्वतःच्या घरात जुनी टोपी हुडकायला उठलो.

ता. क. दुसरा. मी त्याला म्हटलं, विश्वास नसेल तर सांगलीच्या भरतेशला विचारा. तो म्हणाला, "म्हंजे ते डॉक्टर? तात्याच्या पायातली गोळी काढल्याले?" तेव्हा मुद्द्याचं सांगतो. पंधरा ऑगस्टला तिथल्या शाळेत झेंडावंदनाला आपल्या तिघांना बोलावलंय आणि मी तुझ्या वतीनंही हो म्हटलंय. केस बारीक करून ये. गोळी डाव्या पायात होती की उजव्या, हे आधी गुंडाला विचारून ठेव. मला विचारू नकोस, मी तेव्हा रजेवर होतो.