पॉइंट झीरो आठची कॉइल

इलोइलो, गुरुवार

प्रिय लुझवी,

तू विमानतळावर उतरशील तेव्हा मी तिथे नसेन. हे पत्र माझा भाऊ बेनजी तुझ्या हातात देईल. इस्पितळात जाण्याआधी, गाडीतच वाच. रेनांते जिवंत आहे, हे आधी सांगते. जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. डाव्या डोळ्याबद्दल डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. विचारलं की फक्त चार्ट चाळतात.

रोमला जाताना तू म्हणाली होतीस, "मेर्ली, रेनांतेवर लक्ष ठेव गं, भाऊ असून तो माझं ऐकत नाही, पण तुझं ऐकेल." जहाजावर नोकरी देणाऱ्या एजन्सीने त्याला तिसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा मीच त्याला माझ्या व्हेपच्या दुकानात बोलावलं. गिऱ्हाइकांच्या ई-सिगारेटमधल्या कॉइल मी वळायचे, तो शेजारी बसून बघायचा. सळईवर तारेचे सहा वेढे, दोन्ही पाय स्क्रूखाली घट्ट, मग हलकेच तापवून चिमट्याने दाबायचं, म्हणजे लाली मध्यापासून उठून कडांकडे सारखी पसरते. मग कापसाची वात. घट्ट बसली तर वाफेचा रस चढत नाही, सैल बसली तर गळतो. महिन्याभरात त्याची वात माझ्याहून सुबक बसायला लागली. तेव्हा मी तुला किती कौतुकाने लिहिलं होतं, आठवतं?

वाफेच्या ढगांच्या स्पर्धांबद्दल मात्र लिहिलं नाही. मॉलच्या पार्किंगमध्ये भिंतीवर फूट आखतात, ज्याचा ढग लांब जाईल तो जिंकतो. पहिल्याच वेळी तो दुसरा आला. दीडशे माणसं त्याच्या नावाने ओरडत होती, लुझवी. त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास. त्यानंतर तो बदलला. चिप असलेलं यंत्र त्याने विकून टाकलं आणि पितळेची साधी नळी घेतली. तिच्यात फक्त बॅटरी, बटण आणि कॉइल. काही चुकलं तर वीज तोडणारं आत काहीच नाही. कॉइलचा रोध जितका कमी तितका ढग मोठा, आणि तितकी बॅटरी पिळली जाते. पॉइंट दोन ओहमवरून तो पॉइंट एकवर आला. एकदा ती नळी माझ्या हातात आली तर गरम लागली, आणि त्याने ती वापरून अर्धा तास झाला होता. बॅटरीवरचं प्लॅस्टिक फाटलेलं, वर चिकटपट्टी. मी म्हटलं, फेकून दे. तो म्हणाला, "मानांग, ताई, तू आता आईसारखी बोलायला लागलीस." मी हसले. तेव्हा हसायला नको होतं.

बॅटरी फार तापली तर गॅस निघायला नळीच्या बुडाला भोकं असतात. पकड चांगली यावी म्हणून त्याने बुडाला रबर गुंडाळलं, भोकं त्याच्याखाली गेली. तेही मी पाहिलं होतं. दुकानात गर्दी होती, नंतर सांगेन म्हटलं. त्या आठवड्यात तो जेवायचाही नाही. नूडल्सच्या बाचोयचा वाडगा समोर ठेवला तरी डोळे रोध मोजायच्या मीटरच्या आकड्यावर.

रविवारी सकाळी, अंतिम फेरीआधी, तो दुकानात आला. हात थरथरत होते, कॉफीमुळे की भीतीमुळे, कोण जाणे. शेवटची कॉइल त्याच्याकडून तीनदा बिघडली होती, वेढे एकमेकांवर चढत होते. दुपारी त्याचं नाव पुकारलं, त्याने नळी ओठांना लावली. ती तिथेच फुटली. मोठा आवाज नव्हता, लुझवी. दार आपटावं तेवढाच होता. ढग तसाच भिंतीकडे गेला. लोकांनी आधी टाळ्याच वाजवल्या.

शुद्धीवर आल्यावर पोलिसांनी त्याच्यापुढे कागद धरला. उजवा हात भाजलेला, म्हणून त्याने डाव्या हाताने लिहिलं, 'कॉइल मीच वळली. मेर्लीने नको म्हटलं होतं.' माझ्याकडे बघितलं आणि उघडा डोळा मिटून घेतला. पोलिसांनी मला विचारलं, हे खरं का? मी हो म्हटलं, सही केली. तुझी आई तेव्हापासून माझा हात धरून म्हणते आहे, तू तरी अडवलंस गं त्याला.

मी अडवलं नाही. त्या सकाळी तो म्हणाला, "तू नाही वळलीस तर मी माझ्या या हातांनी वळीन, मग काय होईल ते होवो." मी पॉइंट झीरो आठची, पॉइंट एकहूनही खालची, कॉइल वळली. मीटरवर आकडा बघितला, वात घातली, कापसाची टोकं कापली, झाकण लावून त्याच्या हातात दिली. सुंदर झाली होती, हेही मनात आलं. मी आणि माझं दुकान वाचावं म्हणून तो खोटं बोलला आहे, आणि तुलाही तेच लिहून दाखवील. म्हणून त्याच्याआधी तुला गाठते आहे. तू हे वाचत असशील तेव्हा मी चौकीत जबाब बदलत असेन. नंतर तुला माझं तोंड बघावंसं वाटलं नाही, तर बेनजीला तसं सांग. मी येणार नाही.

तुझीच,
मेर्ली