साहेबांच्या मापाने नापास झालेली माझी मोटारसायकल

प्रति,
मा. वाहन फेरबदल तपासणी अधिकारी,
वाहन फेरबदल तपासणी कक्ष, तलासरी,
जि. पालघर.

अर्जदार : श्रीमती चंद्रिका धनेश चुरी, रोपवाटिका, घोलवड, ता. डहाणू.

विषय : सीट खाली व हँडल मागे घेतल्यावरून जप्त केलेली क्रूझर मोटारसायकल आहे त्याच स्थितीत परत मिळणे व तिची फेरचाचणी माझ्याकडून घेणेबाबत.

संदर्भ : "सदर वाहन मूळ स्थितीत आणावे" हे आपल्या कक्षाचे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविते की, सदर मोटारसायकल माझे पती कै. धनेश यांनी हौसेने घेतली होती. ते गेल्यावर ती शेडमध्ये चिकूच्या खोक्यांआड उभी होती. माझा कलमांचा धंदा असून कैनाड, तलासरी बाजूच्या बागायतदारांकडे मला सारखे जावे लागते. त्याकामी मी दीर प्रितेश यांच्या गाडीवर अवलंबून होते. दीर स्वभावाने चांगले आहेत. फोन केला की निघतोच म्हणतात आणि निघत नाहीत. साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहणे हा माझा जोडधंदाच झाला होता. शेवटी पन्नाशीनंतर मी गियरची गाडी शिकले व रीतसर परवाना काढला.

२. माझी उंची बेताची, हात आखूड. मूळ सीटवर पाय जमिनीला टेकत नसत, आणि हँडल धरताना विहिरीत पडलेली कळशी काढायला वाकल्यासारखे वाकावे लागे. घरी आल्यावर कंबर दोन दिवस बोलत असे. तलासरीचे मेकॅनिक नविन यांनी मला गाडीवर बसवून माप घेतले, सीटचा फोम कापून ती खाली केली, हँडल माझ्याकडे ओढले आणि पाय ठेवायचे दांडे जवळ आणले. इंजिन, ब्रेक, दिवे, सायलेन्सर यांना हात लावलेला नाही. सायलेन्सरचे मुद्दाम लिहिते, कारण ज्यांच्या गाड्या फटाके फोडत जातात ती मुले आपल्या कक्षासमोरूनच जातात व त्यांना कोणी अडवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. असो.

३. अच्छाडजवळ हायवेवर आपल्या पथकाने मला थांबवले. मागे माझ्या रोपवाटिकेत कामाला असलेली धाकली नावाची बाई बसली होती. दोघींना हेल्मेट, कागदपत्रे चोख. पथकाने गाडी कोणाची विचारले. माझी, म्हटले. मग गाडी चालवणारा कुठे गेला, असे विचारले. हँडलवर माझेच हात होते हो! सदर इसमाचा ट्रकच्या मागे व ढाब्यावर शोध घेतल्यानंतर तो मीच असल्याचे मान्य करण्यात आले, आणि त्याबरोबर गाडीत काहीतरी गडबड असल्याचेही ठरले.

४. पुढे आपल्या आवारात तपासणीस साहेबांनी गाडीची चाचणी स्वतः घेतली. साहेब चांगले सहा फुटांचे आहेत. देवाने दिलेली उंची, माझी काही तक्रार नाही. परंतु माझ्या मापाच्या गाडीवर ते बसले तेव्हा त्यांचे गुडघे हँडलला भिडले. साहेब, वळू नका, गुडघा अडेल, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले. मला बाजूला उभे राहण्याचे आदेश झाले. साहेब वळले, गुडघा अडला, आणि साहेब शासकीय मेंदीच्या कुंपणात गेले. खरचटण्यावर निभावले, धाकलीने त्यांना पाणी दिले. अहवालात मात्र लिहिले आहे की, फेरबदलामुळे वाहन चालकाच्या नियंत्रणात राहत नाही.

महोदय, माझा ब्लाऊज साहेबांनी अंगात घातला आणि तो काखेत उसवला, तर शिंप्याला नोटीस काढणार काय? परत येताना धाकली म्हणाली की, आपण पडलो तर बाईला गाडी येत नाही, आणि साहेब पडले तर गाडीच खराब. तिचे म्हणणे मी अर्जास जोडले असते, पण ती अंगठा उठवते आणि त्यालाही आपल्याकडे साक्षीदार लागतो.

५. चाचणी माझ्याकडून घ्या, अशी विनंती मी केली. उत्तर मिळाले की, नियंत्रणात न राहणारे वाहन अर्जदाराच्या हाती देता येत नाही. बरे, मूळ स्थितीत आणते म्हटले, तर ती गाडी मी स्वतः चालवत आणून दाखवायची. अहो, मूळ स्थितीत पाय पोचत नाहीत म्हणून तर हा सगळा उपद्व्याप! एका टेबलाने उंच टाचेच्या चपला सुचवल्या. दुसऱ्या टेबलाने उंचीचा दाखला मागितला. जातीचा मिळतो, उत्पन्नाचा मिळतो, उंचीचा कुठे मिळतो ते त्या टेबलालाही ठाऊक नव्हते. दवाखान्यातून उंची मोजून लिहून आणली, तर ती बसलेल्या स्थितीतील हवी म्हणून परत केली. दरम्यान दुपारच्या वेळी आपले शिपाई माझ्या सीटवर बसून, टाकीवर डोके टेकून झोप काढतात. सीट आरामदायी आहे की नाही, याबाबत त्यांची साक्ष काढावी.

६. आपल्या पत्राच्या शेवटी म्हटले आहे की, अर्जदार महिला असल्याने घरातील पुरुषामागे बसून प्रवास केल्यास फेरबदलाची गरजच उरणार नाही. हे वाचून मी रडेन असे घरच्यांना वाटले. मी रडले नाही, मला संताप आला. अजून आहे. वडिलांच्या सायकलवर मागे, नवऱ्याच्या स्कूटरवर मागे, दिराच्या गाडीवर मागे. मागे बसून माणसाला काय दिसते? पुढच्याचा शर्ट. कैनाडच्या रस्त्याने मी लग्न होऊन आल्यापासून जाते आहे, पण तो समोरून पहिल्यांदा दिसला तो या गाडीवर. एवढ्या वर्षांनी दिसला आणि फार आवडला, साहेब. तो मी सोडणार नाही.

७. तरी येत्या सोमवारी फेरचाचणी घ्यावी. आवारात नको, तलासरी ते अच्छाड हायवेवर घ्यावी, भर ट्रकांच्या गर्दीत. गाडी मी चालवीन. नियंत्रणाबद्दल तपासणीस साहेबांना शंका असल्यास त्यांनी माझ्या मागे बसून खात्री करून घ्यावी. मागची सीट कंपनीचीच आहे. पडायची भीती वाटली तर धरायला कडी आहे, माझ्या खांद्याला हात लावू नये.

कळावे, आपली नम्र व आपल्या आदेशाची फार दिवस वाट न पाहणारी,

(सही)
चंद्रिका धनेश चुरी

ठिकाण : घोलवड
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

सोबत : परवाना, नोंदणी व विमा यांच्या प्रती.