जुन्या टाकीतला दगड

प्रिय वानेस,

रविवारी तू बोलत असतानाच मी फोन ठेवला. मागून मागून तू काय मागितलंस, तर तुझ्या नव्या टाकीसाठी माझ्या माशांच्या टाकीतला एक दगड. दुकानदार सांगतो ते खरं आहे. जुना दगड नव्या खाऱ्या पाण्यात ठेवला, की त्याच्यावरचे जिवाणू लगेच कामाला लागतात, माशांना विषारी असलेला अमोनिया खाऊन टाकतात आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहणं वाचतं. तरी मी नाही म्हटलं. माझी टाकी उगाच ढवळली जाईल, असं काहीतरी पुटपुटले. "आई, मासे शेवटी माझ्याकडेच यायचेत ना? मग दगड काय कपाटात ठेवणार आहेस?" असं तू विचारलंस, तेव्हाच मी फोन ठेवला.

मासे तुझ्याकडेच यायचेत. ती नारिंगी जोडी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, हे आपलं ठरलंच आहे. मादी मोठी आणि खाष्ट, नर बिचारा तिच्या मागे मागे, म्हणून तुझ्या बाबांनी त्यांची नावं ठेवली पाद्रीबाबा आणि पाद्रीबाबांची स्वयंपाकीण. मी नन्सच्या शाळेत वाढलेली. रागावल्याचं दाखवायचे आणि ओट्याकडे तोंड करून हसायचे. बाबा गेल्यावर घरात नावाने हाक मारण्यासारखे तेवढे दोघेच उरले.

तुझी टाकी सुरू झाली तेव्हा मीच सांगितलं होतं, की धक्क्यावरची एक कोळंबी टाक आणि कुजू दे. त्या कुजण्यातूनच अमोनिया होतो आणि त्याच्यावर जगणारे जिवाणू हळूहळू दगडांवर वस्तीला येतात. तुझ्या शेजारणीने जिन्यात विचारलं, "तुमच्याकडे कुणी मेलंबिलं तर नाही ना?" ते तू सांगितलंस तेव्हा मी पोट धरून हसले, आणि मग पोट दुखलं म्हणून बसून राहिले. पुढे अमोनियाच्या चाचणीची नळी गर्द हिरवी झाली; ती पिवळी झाल्याशिवाय मासे टाकता येत नाहीत. तू घाबरून सगळं पाणी ओतून दिलंस आणि दगड नळाखाली ब्रशने घासून लख्ख केलेस. आमच्या शाळेतल्या सिस्टर आल्डेगोंडाने तुला स्वच्छतेचं बक्षीस दिलं असतं. जे काही जगायला लागलं होतं ते गटारात गेलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी रागावले नाही, याचं तुला नवल वाटलं. म्हातारपणी आई मवाळ झाली, असं तुझ्या बायकोला म्हणालास म्हणे.

इकडे नर्स रोझान रोज सकाळी येते. मला बादली उचलत नाही, तर तीच टाकीत पाणी घालते. वर ऐकवते, "गोडेलीवबाई, मी माणसांची नर्स आहे हो, माशांची नाही." ईस्टरला माझ्या हातून कोळंबी सोलली जाईना, तेव्हा तू माझी बशी ओढून घेतलीस आणि सोलून दिलीस. तुझ्या लक्षात आलंय, हे मला तेव्हाच कळलं. पोटातली गाठ वाढली आहे. औषध दुपारपर्यंत पुरतं, पुढे पुरत नाही.

आता दगडाचं सांगते. हे फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच बोलशील, म्हणून लिहिते आहे. तुझ्या आत्याने शेवटी जे मागितलं होतं, तेच इच्छामरण मी डॉक्टर फर्मोटांकडे मागितलं आहे. कायद्याने लागतं तसं दुसऱ्या डॉक्टरांनीही तपासलं, कागद पूर्ण झाले. इंजेक्शन घरीच, माझ्या पलंगावर. दिवस तेवढा मी सांगायचा. मी म्हटलं, आधी मासे त्यांच्या नव्या घरी जाऊ देत. डॉक्टर हसले, आणि मग हसायचे थांबले. तेव्हापासून तुझा फोन येतो, "आई, नळी अजून हिरवीच गं," आणि त्या दिवशी मला सूप गोड लागतं. दगड दिला असता तर हे लवकर संपलं असतं. मला इतक्या लवकर जायचं नव्हतं, वानेस. पण या आठवड्यात सूपही पोटात राहत नाही. तेव्हा शनिवारी ये. मागच्या कोपऱ्यातला मोठा दगड काढ, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ने, आणि धुऊ नकोस. नळी पिवळी होईल त्या दिवशी मला खरं सांग, माझी दया येऊन हिरवी म्हणू नकोस. आणि मासे न्यायला येशील तेव्हा राहायच्या तयारीने ये.

तुझीच,
आई