कन्नडला एकवीस तारखेला

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
२९ नोव्हेंबर २०२५

ती. केसरआत्यास,
विशाखाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझ्या कानांनी फोनशी कायमचं भांडण केल्यापासून आपल्या दोघींना टपालच उरलंय. परवा कडुबामामांच्या फोनवर मी पाच मिनिटं ओरडून तुझ्या गुडघ्याचं विचारलं, तर तू मला मेथी कशी उगवली ते सांगितलंस. मामा मागं हसत होते, ते मला ऐकू आलं.

माझं काम बरं चाललंय. आमच्या ‘कलादर्शिके’चा डिसेंबरचा अंक सोबत पाठवतेय. चार पानंच आहेत, पण जिल्ह्यात महिनाभर कुठं काय ऐकायला-बघायला मिळेल ते सगळं त्यात आहे. संपादक आप्पासाहेबांनी या वेळी सगळी पानं माझ्यावर सोपवली. बसनं फिरून एकेक कार्यक्रम वहीत उतरवून आणला. इथं शहरात विद्यार्थ्यांच्या एकांकिका आहेत, एक मुशायरा आहे, जुन्या हिमरू शालींचं प्रदर्शन आहे. पैठणला एकवीस तारखेला विणकर मागावर बसून पैठणी विणून दाखवणार आणि नंतर भारुड होणार. आणि आत्या, तिसरं पान नीट बघ. कन्नडला शाहीर धोंडिबांचा जलसा आहे. लहानपणी तू सांगायचीस तेच हे धोंडिबा. शहात्तर वर्षांचे झालेत, अजून गातात.

एक विचारू? मामा म्हणत होते की विहारात बाया आग्रह करतात तरी तू दोन वर्षांत एकदाही गायली नाहीस. का गं? मी तर तुझ्या ओव्यांवर वाढले. अभ्यासाला बसवून तू पलीकडं दळत असायचीस, आणि दळण संपलं तरी गाणं संपायचं नाही.

गुडघ्याला तेल लाव. मामांना जय भीम. तुझा जीव माझ्यावर आहे तसाच राहू दे.

तुझी भाची,
विशाखा

•

सोयगाव
६ डिसेंबर

चि. विशाखास,
आत्याचा जय भीम आणि लई लई आशीर्वाद.

आज विहारात सकाळी बाबासाहेबांना अभिवादन झालं. ते उरकल्यावर तुझा कागद मी समद्यांपुढं वाचला. प्रौढशिक्षणाच्या वर्गात शिकलेलं वाचन मोठ्यानं वाचायला कामी येतंय. माझा आवाज मलाच नाय ऐकू येत, तवा किती मोठ्यानं वाचलं ते बायांनाच ठाऊक. शेजारी बसलेली सुलेखा म्हणती की रस्त्यावरची माणसं बी थांबली होती.

धोंडिबाचं नाव वाचलं आन् मला पुढचं वाचवंना. मी सात-आठ वर्षांची असंल. माझ्या बानं मला खांद्यावर बसवून जलशाला नेलं होतं. तवा धोंडिबा ऐन जवानीत होता. पोरीला साळंत घाला म्हणून त्यानं असं गाणं म्हणलं की माझा बा रडला. मला साळंत घालणं काय त्याला जमलं नाय. पर ते गाणं माझ्यात राहिलं. तुझी आई गेली तवा तुझं दप्तर मी हातात धरलं, ते त्या गाण्यापायी. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

तर आम्ही दहा बायांनी जीप ठरवलीय. एकवीस तारखेला कन्नड. पैठणचं भारुड बी त्याच दिवशी, त्याला इलाज नाय.

माझ्या गाण्याचं इचारू नकोस. कान गेले. सूर कुठं चालला ते कळत नाय. मागं एकदा विहारात म्हणलं तर मागच्या दोघी पदराआड हसल्या. ऐकू नाय आलं, पर डोळ्याला दिसलं. तवापासून गप बसती.

जेवण येळेवर कर. मामाचा आशीर्वाद.

तुझी,
केसरआत्या

•

छत्रपती संभाजीनगर
१६ डिसेंबर

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

मामांना काल फोनवर सांगितलंय, तरी स्वतःच्या हातानं लिहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. धोंडिबांचा जलसा चौदा तारखेला होता, एकवीसला नाही. माझ्या वहीत चौदाच लिहिलंय. पानं लावताना वरच्या ओळीतली पैठणची तारीख मी खालीही तशीच टाकली. अंक छापून गेला, वाटून झाला, आणि मी सगळ्यांना कौतुकानं दाखवत फिरले.

चौदाला धोंडिबा आणि त्यांचे तीन साथीदार सभागृहात तयार होऊन बसले. समोर दीडशे खुर्च्या, आणि माणसं पाच. त्यातला एक दिवे लावायला आलेला. तासभर वाट बघून धोंडिबांनी ढोलकीला खोळ घातली आणि घरी निघून गेले. आप्पासाहेबांनी त्यांना फोन करून चूक छपाईची आहे, माणसं तारखेमुळं आली नाहीत, असं परोपरीनं सांगितलं. ते एवढंच म्हणाले की बरं, आणि फोन ठेवला.

आप्पासाहेब मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले की चूक माणसाच्याच हातून होते, पण मला त्यांच्याकडं बघवत नाही. ज्यांच्या गाण्यामुळं मी शिकले त्यांनाच मी रिकाम्या खुर्च्यांसमोर बसवलं. हे तू मला आधी सांगितलं नसतंस तर निदान एवढं लागलं नसतं. हे काम सोडावं असं वाटतंय. तू जीप रद्द कर. बायांना सांग, माझ्या भाचीनं घोळ घातला.

तुझी,
विशाखा

•

सोयगाव
२२ डिसेंबर

चि. विशाखास,
आत्याचा जय भीम, आन् आशीर्वाद मागच्या खेपेपेक्षा जास्त.

जीप रद्द नाय केली. काल आम्ही कन्नडला जाऊन आलो.

मामा म्हणले की जलसा होऊन गेला, आता काय बघायला चाललीस. मी म्हणलं की जलसा होऊन गेला आसंल, धोंडिबा तर हाय ना. माझ्या घरातल्या पोरीनं चूक केली, तर तोंड दाखवायला मी जायला नको व्हय? बायांना खरं ते सांगितलं. एक बी मागं हटली नाय.

आधी सभागृहावर गेलो. कुलूप. आन् पायऱ्यांवर माणसं बसलेली गं! मोजली तर सोळा. समद्यांच्या हातात तुझा कागद. एक मास्तर बायकोला घेऊन चाळीसगावाकडून घाट चढून आलते. दोन कॉलेजच्या पोरी होत्या. कुणी कुलपाला शिव्या घालीत होतं, कुणी बिस्किटं खात होतं. मी त्यांना सांगितलं की चला माझ्यासंगं. कुठं ते मला बी ठाऊक नव्हतं. बाजारात इचारत इचारत सव्वीस माणसांची वरात धोंडिबाच्या दारात गेली.

दारात त्याची बायको चंपाबाई उभी. ती म्हणली की ते कुणाला भेटत नायत, परत जा. मला ऐकू आलं की घरात जा. मी चपला काढल्या आन् सरळ आत गेली. मागं सुलेखा माझा पदर ओढतीय, मला वाटलं गर्दीत अडकला. हे समदं मला येताना जीपमधी कळलं, तवा हसू आवरंना.

आत धोंडिबा खाटंवर भिंतीकडं तोंड करून पडलेला. मी पायाशी बसून सांगितलं की हा कागद माझ्या भाचीनं केला, तारीख तिच्या हातनं चुकली, माफी मागायला आली. तो उठून बसला. माझ्या हातातला कागद घेतला, डोळ्याजवळ नेऊन वाचला. मग मास्तरचा मागितला, तो वाचला. पोरींचा वाचला. दारातल्यांना आत बोलावून एकेकाचा कागद बघितला. इतकं काय बघत होता ते मला कळलं नाय. मग त्यानं तोंड धुतलं, चंपाबाईला ढोलकी काढायला सांगितली, आन् अंगणात येऊन बसला.

लई गायला म्हणं. मला नुसते ओठ दिसत होते. त्याच्या ध्यानात आलं. त्यानं मला खुणावून जवळ बसवलं आन् माझा हात धरून ढोलकीच्या कडंला, लाकडावर ठेवला. विशाखा, ताल माझ्या कोपरापातूर चढला. दोन वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की गाणं कुठं चाललंय. आन् माझं तोंड आपोआप उघडलं. आपली जुनी ओवी,

जात्याच्या पाळीवरी
पीठ सांडलं वीतभर
भीमाच्या लेकीनं गं
त्यात काढलं अक्षर

तू पिठात बोटानं ‘अ’ काढलावतास, तवाची. धोंडिबानं थाप थांबवली. मला वाटलं बिघडलं. तर त्यानं इचारलं, हाताच्या खुणा करून, की कुणाची ओवी? मी म्हणलं की कुणाची नाय, जात्यावर सुचली. त्यानं ती पुन्हा म्हणायला लावली आन् मास्तरकडनं लिहून घेतली.

काम सोडायचं नाव काढू नकोस. फोनवर माफी मागू नकोस. उठ, बसमधी बस, आन् त्याच्या दारात जा.

तुझी,
केसरआत्या

•

छत्रपती संभाजीनगर
४ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

काल सावित्रीमाईंच्या जयंतीला सकाळच्या बसनं कन्नडला गेले. रस्ताभर काय बोलायचं ते पाठ करत होते, आणि धोंडिबाबांना बघितल्यावर सगळं विसरले. नुसतं म्हटलं, मी विशाखा, तारीखवाली. चंपाबाईंनी हसून आत घेतलं आणि म्हणाल्या की तुमच्या घरात दाराशी थांबायची पद्धतच नाही वाटतं.

बाबांनी मला गोड बोलून सोडलं नाही. म्हणाले की राग आला होता, खोटं कशाला सांगू. साथीदार मजुरी बुडवून आले होते, त्यांना तोंड दाखवणं जड गेलं. मी ऐकून घेतलं. त्या तिघांनाही भेटून आले.

पण खरी गोष्ट त्यानंतर कळली. तू लिहिलं होतंस ना, ते प्रत्येकाचा कागद का बघत होते? आप्पासाहेबांनी फोनवर तारखेचं सांगितलं, त्यावर बाबांचा विश्वासच बसला नव्हता. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखायला हे लोक छपाईचं निमित्त सांगताहेत. खरं म्हणजे आपल्याला ऐकायला आता कुणी येत नाही, आपलं गाणं संपलं. आठवडाभर ते भिंतीकडं तोंड करून होते. ढोलकी माळ्यावर टाकायला लावली होती. आणि एकवीस तारखेला सव्वीस माणसं दारात आली, एकवीस तारीख छापलेले कागद घेऊन. ते म्हणाले की तेव्हा कुठं कळलं, तारीख चुकली होती, मी नाही.

आत्या, तू जीप रद्द केली असतीस तर? त्या पायऱ्यांवरची माणसं चरफडत घरी गेली असती, आणि बाबांना कधीच कळलं नसतं. मी तुला रद्द करायला सांगत होते. तू माझं ऐकलं नाहीस, याबद्दल तुझे किती आभार मानू? आणि ते दप्तर धरल्याचे तर राहिलेच आहेत. ते कागदावर मावायचे नाहीत.

आता कामाचं. सात फेब्रुवारीला रमाई जयंतीला धोंडिबाबा तुमच्या विहारात यायला तयार आहेत, स्वखुशीनं. अट एकच. तू त्यांच्या शेजारी बसून गायचंस. अंकात तुझं नाव घालू का? तू हो म्हटल्याशिवाय मी एक अक्षर छापणार नाही.

तुझी,
विशाखा

•

सोयगाव
११ जानेवारी

चि. विशाखास,
जय भीम आणि आशीर्वाद.

घाल. पर नाव केसरबाई कडुबा असं पुरं घाल, मामाला बरं वाटंल. भ्या वाटतंय.

तुझी,
आत्या

•

छत्रपती संभाजीनगर
९ फेब्रुवारी

ती. केसरआत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

परवा शेवटची बस गाठायची म्हणून मी पळाले, आणि तू तर तोंड लपवून भाताच्या पातेल्याकडं निघून गेलीस. वाढताना डोळे पुसत होतीस, ते मी जाता जाता विहाराच्या खिडकीतून पाहिलं. सुलेखामावशी तुझ्या कानाशी काही ओरडत होत्या, पण तू मान हलवत होतीस. मामांनी काल फोनवर सांगितलं, तू म्हणालीस की माझ्यामुळं धोंडिबाचा कार्यक्रम पडला, माझ्या गाण्यावर एकानं बी टाळी वाजवली नाय, मागच्या खेपेला निदान दोघी हसल्या तरी होत्या.

म्हणून आज कचेरीत पोचल्या पोचल्या, आप्पासाहेबांची परवानगी काढून, पहिलं हे पत्र लिहायला बसलेय. मी सगळ्यात मागं, दाराशी उभी होते. जे झालं ते मी ऐकलंय, आणि जसं झालं तसं सांगते.

तू डोळे मिटून, हात ढोलकीवर ठेवून सुरू केलंस. पहिली ओवी तू एकटीनं म्हटलीस. विहार इतका शांत होता की बाहेर शेळी ओरडली तीसुद्धा ऐकू आली. दुसऱ्या ओवीला पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं तुझी शेवटची ओळ उचलली. मग तिच्या शेजारणीनं. तिसऱ्या ओवीला भिंतीकडच्या बाया, लेकरांना मांडीवर घेतलेल्या पोरी, जिना चढून वर बसलेल्या, सगळ्या. धोंडिबाबा स्वतः गायले नाहीत, त्यांनी नुसती साथ धरली. तुझा सूर एका जागी खाली गेला, खोटं कशाला सांगू. बाया तुझ्याबरोबर खाली गेल्या, आणि तुझ्याबरोबर वर आल्या.

तू संपवून डोळे उघडलेस, समोर एकही हात हलताना दिसला नाही, आणि ओठांकडं न बघताच तू मान खाली घातलीस. खरंच टाळ्या वाजल्या नाहीत, आत्या. बाया अजून गात होत्या.

तुझ्या मायेवर जगणारी,
विशाखा