घुंगुरकाठीची रिकामी जागा

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, जि. बुलढाणा

विषय : मौजे सावरखोरी येथील कोतवालाच्या रिकाम्या जागी मयताच्या विधवेची नेमणूक होणेबाबत.
संदर्भ : आपल्या कचेरीचे गेल्या महिन्यातील उत्तर.

अर्जदार : चांगुणाबाई, मयत इंद्रभान पुंजाजी सरकटे, कोतवाल, यांची विधवा.

महोदय,

१. अर्जदार बाई लग्न होऊन सावरखोरीत आली तेव्हा तिच्या कानी पहिला सूर पडला तो सासऱ्याच्या दवंडीचा. पुंजाजी कोतवालाने वेशीत हाक दिली की पाखरे उडत, जात्यावरचे हात थांबत. घरी तो लेकाला सांगे, "इंद्रभान, हुकूम आयकला तेवढा पुरा सांग. हुकूम अर्धा सांगतला तं कोतवाल अर्धा राह्यते." तो आवाज विझून वर्षे लोटली. बाईच्या कानातून तो गेलेला नाही.

२. गेल्या आश्विनात ई-क्लास, म्हणजे सरकारी, गायरान दाबणारांची नावे दवंडीने जाहीर करावी, असा आपल्याच कचेरीचा हुकूम होता. त्यांत एक नाव वजनदार होते. "बाकीचे घे, तेवढं गाळ," असा निरोप इंद्रभानच्या दारी आला. तो हसून म्हणाला, "मंग बापाले काय सांगू?" आणि त्याने गावभर सगळी नावे घेतली.

३. त्याच दिवशी दिवेलागणीला चावडीमागच्या उकिरड्याशी त्याला गाठले. त्याच्या हातची घुंगुरकाठी हिसकून त्याच काठीने त्याला ठेचले. पहिला घाव जबड्यावर, म्हणजे बोलती जागा आधी बंद. मग बोटे, मग बरगड्या, मग डोके. घाव पडे तसे घुंगरू वाजे, घुंगरू वाजे तसे रक्त उडे. गावाने ते ऐकले, आणि कोतवाल फेरीवर आहे असे समजून निर्धास्त कड्या लावल्या. अर्जदार बाईनेही, धनी येतोच आहे म्हणून, भाकर तव्यावर टाकली. पण फेरीची घुंगरे पुढे पुढे सरकतात, ही एकाच जागी वाजत होती. भाकर करपली तेव्हा तिच्या ध्यानात आले. ती धावत गेली तेव्हा मारणारा काठी घेऊन तिच्या समोरून निघून गेला. इंद्रभानच्या तोंडाला तोंड राहिले नव्हते. शेणात पडलेले दात तिने पदरात वेचले.

४. पंचनाम्यात "ओट्यावरून पडून मयत" असे लिहिले गेले. बाईने जबाबात कोणाचे नाव घेतले नाही.

५. कचेरीचे उत्तर आले की, कोतवाल हा अर्धवेळ गावनोकर, सरकारी नोकर नव्हे, सबब वारसाला हक्क पोचत नाही. महोदय, हुकूम सरकारचा, बिल्ला सरकारचा, मग मरण तेवढे घरचे कसे? त्याला कोणी अर्धवेळ मारले नाही, पुरते मारले.

६. रिकाम्या जागेसाठी पोलीस पाटलाची शिफारस जोडून अर्ज करता येईल, असेही त्याच उत्तरात आहे. ती शिफारस मिळाली. त्यात लिहिले आहे की, "बाई मुकाट स्वभावाची असून तिचा गावास उपद्रव नाही." आपल्या कचेरीतले एक बाबू हसले, "दवंडी देशीन का अंगाई म्हणशीन वो बाई?" त्यांस नम्रपणे कळविणे की, जात्यावरची तिची ओवी ऐकून सासराच म्हणे, "पोरी, तुह्या गळ्यात दवंडी हाये." घरी दुसरे कमावते माणूस नाही. ही जागा गेली तर चूल गेली. सबब नेमणूक व्हावी.

सोबत :
१. कचेरीचे उत्तर.
२. पोलीस पाटील भगवंतराव यांची शिफारस.
३. घुंगरू एक, उकिरड्यात सापडलेले.

आपल्या हुकमाकडे डोळे लावून बसलेली,
चांगुणाबाई इंद्रभान सरकटे
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)
दस्तुर : शालिग्राम, अर्जनवीस
दि. १२ डिसेंबर १९६९

ता. क. : अंगठ्याची शाई पुसता पुसता अर्जदार बाई म्हणाली, "थांबा भाऊ. नाव गाळून राह्यलो आपण. तो दुसरा कागद काढून घ्या, आन् मी सांगते तसं लिव्हा." शिफारस काढून घेतली आहे. पुढचे तिने उभे राहून सांगितले. कचेरीच्या आवारात बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकले. तिच्याच शब्दांत :

"ऐका हो ऐका! गाळायचं नाव भगवंतराव पाटलाचं होतं. इंद्रभान कोतवालाले त्यानंच मारलं, कोतवालाच्याच काठीनं. म्या डोयानं पाह्यलं."