ढोलीतली बाळंतीण

११ मार्च १९८८
एक! साहेबांनी एकच पक्षी लिहिला!

वनखात्याची जीप देवराईच्या तोंडाशी थांबली. साहेब 'राखीव' पाटीखाली रुमाल पसरून बसले. दुर्बीणसुद्धा माझीच. ककणेराचा, म्हणजे पुस्तकातल्या धनेशाचा, नर आला, पाटफणसाच्या ढोलीच्या फटीत चोच घातली, उंबरं भरवली, गेला. साहेब म्हणाले, "एक नर. जोडी नाही."

म्हटलं, साहेब, मादी आत आहे. अंडी घालायला शिरली की ढोलीचं दार आतून लिंपून घेते, फट तेवढी ठेवते. नर भरवतोय तो काय झाडाला?

"बाई, पाहणीत दिसलेला पक्षी लिहायचा असतो."

तीन वर्षं शाळेत शिकवून सुटले की मी ही ढोली राखते. दर वर्षी इथंच येतात ती. खात्यानेच नेमलंय मला पक्षी मोजायला, आणि विचारायचं मात्र नाही! डोकं नुसतं तापलंय.

१२ मार्च
आता कळलं, एवढी घाई कसली ते. देवळाच्या नव्या सभामंडपाला खांब हवेत. राईतलं लाकूड देवाच्याच कामाला चालतं, तेही कौल घेऊन. सदाशिवकाकाने कौल लावला. माझ्या बाबांचा धाकटा भाऊ, देवळाचा कारभारी. गुरवाने देवाला पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली, म्हणजे होय. झाड ठरलं माझंच. खात्याचं म्हणणं, वीण नसेल तर हरकत नाही. आणि वीण नाही, हे कालच ठरलं ना!

जेवण गेलं नाही.

१४ मार्च
काकाकडे गेले. सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "देवान उजवी दिली. सरकारान परवानगी दिली. आता तुजीच रवली, बाय?"

हो, माझीच राहिली! तोंडावर बोलले. काकी चहा घेऊन आली ती दारातूनच मागे फिरली.

१७ मार्च
म्हापशाला खात्यात जाऊन आले. साहेब दौऱ्यावर. घटक राज्य झाल्यापासून साहेब वाढले, सापडायचे तेवढे कमी झाले.

२० मार्च
झाड कापणारे आले. कोल्हापूरकडचा अशोक आणि त्याची बायको हौसा. तुयेला कारखान्याच्या बांधकामावर होते. हौसा आठवड्यापूर्वीच बाळंत झालेली, पोर पदराखाली. काकाने त्यांना देवळाच्या अग्रशाळेत मुक्कामाला पाऊल ठेवू दिलं नाही. सोयर! घरात बाळंतीण असली की त्या घरचं फूलसुद्धा देवाला चालत नाही. अशोकनेही बाळाचा बारावा दिवस होईपर्यंत देवाच्या झाडाला हात लावायचा नाही. ओली बाळंतीण माडाच्या झापांखाली, या उन्हात! मी तिला घरी घेऊन आले. आईने मुकाट्याने पेज टाकली.

हौसा म्हणाली, "ताई, तुमचा देव लई कडक हाय."

तिच्याकडे बघता बघता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उद्या बघतेच काकाला.

२१ मार्च
देवळात महाजन जमले होते. थेट पुढे गेले. घरी बाळंतीण, म्हणून पायरीखालीच उभी राहिले.

म्हटलं, काका, कौल लावताना देवाला सांगितलंत का, की त्या झाडात बाळंतीण आहे?

काका म्हणाला, "सुकण्याचें सोयेर कोणाक गो?"

म्हटलं, पाखराचं असेना! राई देवाची, झाड देवाचं. मग बाळंतीण कुणाच्या घरात? हौसाच्या नवऱ्याचा हात चालत नाही, आणि हे लाकूड चालतं?

म्हातारे कृष्णनाथ महाजन म्हणाले, "चेडू खरें सांगता." काकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण माणूस नेमाचा पक्का. गुरवाला खूण केली. पाकळ्या लावल्या. किती वेळ पडेचनात.

डावी पडली!

२२ मार्च
हे काय भलतंच! सोयर आहे म्हणून राईत कुणी जायचं नाही. कुणी म्हणजे मीसुद्धा! काकाने वाटेवर काट्यांची फांदी आडवी घातली. माझ्या घरट्यावर मलाच बंदी. म्हणतो, "तूंच सांगलें मगे, सोयेर म्हणून." हसत होता मेला.

८ मे
रस्त्यावरून ऐकते. नराच्या पंखांचा भरारा येतो, एवढंच. चंद्रावती गुरवीण सांगते, काका रोज सकाळी देवळाच्या पायरीवर बसून ढोलीकडे बघतो. मोजणारी मी, आणि बघतो काका! चीड येते. बरंही वाटतं. हौसाचं पोर बाळसं धरतंय.

३० मे
राज्याला वर्ष झालं. शाळेत झेंडा, भाषणं, मुलांना बिस्किटं.

घरी आले तर ओसरीवर काका. हातात पेढ्यांचा पुडा! कालच आई बाहेर पडली, आज दोन पिलं. तिघंही उडून उंबरावर बसली. सांगताना त्याचे डोळे भरले होते. "व्हडलें पिल्लूं पयलीं पडलें गो, मागीर उडलें." मलाही रडू आलं. पेढा खाल्ला. काकाच्या पाया पडले. इतके दिवस मनात त्याला काय काय बोलले होते.

मग जाताना पायरीवर थांबला. म्हणाला, सोयर फिटलं. ढोली रिकामी झाली. देवाला परत विचारलं, उजवी पडली. पावसाआधी कापायला हवं, अशोक उद्या सकाळी करवत लावतो.

"तूंच ये बाय. नारळ तुज्याच हातान फोडूं या."