फ्लेक्स उतरवला तेव्हा

सांगली,
रविवार, १८ जानेवारी

लाडक्या ऋषीदादा,

तुझ्या शिवाचा नमस्कार, आणि तोही उड्या मारत! तुझ्या सीमेवरच्या चौकीवर फोन लागत नाही म्हणून कागद घेतला, नाहीतर आत्ता कानात किंचाळलेच असते. आम्ही सेमीफायनल जिंकली! शेवटची चढाई माझी होती. दोघींना शिवले, तिसरीनं घोटा धरला, तरी मध्यरेषेला बोटं टेकलीच. पोरींनी मला उचलून असं फिरवलं की माझा एक बूट अजून सापडत नाही.

आई-आबा बरे आहेत. ऊस कारखान्याला गेला. आपल्या धाकट्या यशराजला मिसरूड फुटलंय, आरशापुढून हलत नाही.

आता दुसरं. पहिला हाफ मी बाकावर बसून होते. मीच तसं मागितलं होतं.

दिवाळीत तू विचारलंस, "एवढी का वाळलीस?" मी म्हटलं, मेसचं जेवण. मेसचं जेवण चांगलं असतं रे.

राज्याच्या संघात नाव आलं, गावानं स्टँडवर माझा फ्लेक्स लावला, तिथून सुरू झालं. येणारा-जाणारा म्हणायचा, "शिवांजली असल्यावर हरायचं कसलं?" मग चढाईला निघाले की गळा आवळल्यासारखा व्हायचा. 'कबड्डी, कबड्डी' म्हणता म्हणता शब्दच फुटेना. हात गार, छातीत धडधड. कराडच्या डॉक्टरांनी हृदय तपासलं, ठणठणीत निघालं. आमचे कोच सर म्हणाले, नाटकं. मी हॉस्टेलच्या जिन्यावर उभी राहून खाली बघायचे. वाटायचं, पाय मोडला तर बरं, मग कुणी काही विचारणार नाही.

लिहिलं एकदाचं.

रेश्मा, आमची कॅप्टन, तिनं मला बाथरूममध्ये रडताना पकडलं. म्हणाली, "मला बी झालतं गं गेल्या साली. चल." हाताला धरून तिनं मला मनाच्या डॉक्टरकडं नेलं. बाई लय शांत. त्यांच्याकडं अजून जाते. त्या म्हणाल्या, आधी घरी सांग.

फोनवर आबांनी सगळं ऐकलं आणि 'बरं' म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हॉस्टेलच्या फाटकात डबा घेऊन उभे!

"आवं आबा, उसाला पाणी कोण देणार?"

"यशराज देतोय. तू बस हितं." मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "खेळायचं नसंल तर घरी चल. खेळायचं असंल तर खेळ. आमाला पोरगी पायजे, बाळा. फ्लेक्सचं काय, उतरवतो."

आणि खरंच, परत जाऊन त्यांनी स्वतः शिडी लावून उतरवला. सरपंच रुसले. आता तो आईनं गोठ्यावर घातलाय. माझ्या हसऱ्या तोंडाखाली म्हैस रवंथ करत असते!

आज सगळ्या संघासमोर सरांना सांगितलं, "छाती धडधडतीय, मला थोडं बसू द्या." त्यांनी तोंड वाकडं केलं, पण बसू दिलं. दुसऱ्या हाफला मी आपणहून उठले. शेवटच्या चढाईत गळा आवळलाच, दादा! पण बाईंनी शिकवल्यासारखे तळपाय मॅटवर दाबले आणि आवाज निघत राहिला. बारीक, पण निघत राहिला.

उद्या फायनल. जिंकू का माहीत नाही, पण आज कितीतरी महिन्यांनी भूक लागलीय. लिहिता लिहिता भडंगाची अख्खी पुडी संपवली.

आता तुझं. प्रत्येक पत्रात तू 'मी मजेत' एवढंच लिहितोस. मागच्या सुट्टीत रोज पहाटे अंगणात एकटाच बसलेला दिसायचास. आई म्हणाली, "फौजेची सवय हाय ती." मीही तेच मानलं. आज विचारते. तुला झोप लागते का रे? मजेत असशील तर तसं लिही. नसशील तर तेही लिही. आबांना कसं सांगायचं, ते मी सांगते.

खऱ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझीच
शिवा